चौकटीखाली

कुताइसीत, रिओनी नदीच्या काठाला,
बंद पडलेल्या रेशीम गिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर
आमच्या गावाचं टीव्ही केंद्र.
पंचवीस वर्षं झाली, जिन्याच्या भिंतीवर फोटो लावायचेत.
संचालक म्हणाले, "चेहरे घे. लोक ओळखतात ते."
मी तीन आठवडे पाठीच टिपत राहिले.

बादरीची पाठ, उदाहरणार्थ.
समोरून कोट असा, जणू शिंप्यानं अंगावरच शिवलाय;
मागं कपडे वाळत घालायचे पाच चिमटे,
त्यातला एक हिरवा, तुटका.
टेबलाखाली लोकरीच्या सपाता,
डावी अंगठ्यापाशी उसवलेली.
तो देशाचं अंदाजपत्रक वाचायला लागला
की अंगठा हळूच बाहेर येऊन बघतो
केवढा आकडा आहे ते.

त्सिआलाकडं पावडरीचा डबा एकच.
मंत्र्याला तोच, दरोड्याच्या साक्षीदारालाही तोच.
"कपाळाची चकाकी गेली की सगळे सारखे," ती म्हणते,
"घाम तेवढा वेगळा. खोटं बोलणाऱ्याचा
वरच्या ओठावर येतो."
खरं-खोटं तिलाच ठाऊक.
मी तिच्या बोटांचे फोटो घेतले
आणि निघताना आरशात
आपला वरचा ओठ पाहून घेतला.

ओतिया केबल गुंडाळतो,
एक वेढा सुलटा, एक उलटा.
तारेला म्हणे आठवण असते,
एकाच अंगानं वळवत राहिलं तर ती रुसते.
गुडघे धरून उठताना मला म्हणाला,
"फ्लॅश मारलास तर तुलाही गुंडाळून ठेवीन."
मी फ्लॅश पिशवीत टाकला. त्या दिवशीचे
साठातले छप्पन्न फोटो काळेच निघाले.
उरलेल्या चारांत तार आहे, ओतिया नाही.

आणि लामारा.
तिचं काम कुणालाच दिसत नाही, दिसायचंही नसतं:
कॅमेऱ्यापुढच्या काचेवर अक्षरं वर सरकवायची
बादरीच्या श्वासाश्वासानं.
तो थांबला की तीही थांबते.
त्याला ठसका लागला की ओळ धरून ठेवते,
रस्त्यात लेकराचं मनगट धरावं तशी.
हाताखाली एक चाक, बशीएवढं.
तर्जनी त्यावर.

गुरुवारी सात वाजायला चार मिनिटं असताना
तीन ओळी आल्या.
ओखरेतीवर दरड कोसळली. अकरा घरं.
फोन लागत नाहीत.
त्या तीन ओळी लामारानंच टाइप केल्या.
मला काहीच माहीत नव्हतं.
स्क्रीनचा उजेड तिच्या हातावर बरा पडला होता,
म्हणून मी वाकले. एवढंच.

बादरी गावाच्या नावावर अडखळला.
वरच्या डोंगरातलं नाव, जीभ वळेना,
अर्धंच बोलून तो पुढं सरकायला निघाला.
अक्षरं सरकेनात.
तर्जनीनं चाक मागं घेतलं,
एक ओळ खाली.
गावाचं नाव पुन्हा त्याच्यासमोर.
बादरीनं काचेकडं पाहिलं, आवंढा गिळला
आणि ते नाव पहिल्यापासून
सगळ्या अक्षरांसकट उच्चारलं.
मग हवामान. मग फुटबॉल.
चाक फिरत राहिलं.

केबल उचलताना ओतियानं सांगितलं:
तिची बहीण तिथं. वरच्या आळीत.

बहीण शनिवारी सापडली,
पल्याडच्या गावात, एका शेळीसकट,
आणि शेळीवरूनच कुणाशी तरी भांडत होती.

संचालकांनी तो फोटो दोनदा हातात घेतला.
"यात काहीच घडत नाही," म्हणाले.
भिंतीवर बादरीचा चेहरा लागला, तीन फूट बाय चार,
चिमटे चौकटीबाहेर.

चाकावरच्या बोटाची एक प्रत
मी लामाराला नेऊन दिली.
तिनं ती खिडकीशी धरली, बराच वेळ.
"नख तरी सांगायचंस," म्हणाली,
"रंग उडालाय सगळा."